मावश्यांचा पत्ता

मंगळवार, २९ एप्रिल २०१४

प्रिय मामा,

मागच्या पत्रात एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. गेल्या वर्षी ९ जूनच्या रविवारी हॉलोशॉ टेकडीवर जाताना मिनीबसमध्ये आपण अकराजण होतो असं मी लिहिलं होतं. आपण बाराजण होतो. बारावे मिस्टर पेनफोल्ड. ते माझ्याच शेजारी बसले होते, त्यामुळे मी त्यांना विसरले असं म्हणता येणार नाही.

आपल्या नोंदवहीचा नियम तूच घालून दिला होतास. खोडरबर नाही. चुकलेल्या शब्दावर एक रेघ, शेजारी बरोबर असेल ते, आणि दुरुस्तीची तारीख. मी सात वर्षांची होते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बुलफिंच पक्ष्याला चॅफिंच लिहिलं होतं आणि रडत होते. तू म्हणालास, "रडतेस कशाला? रेघ मार. चूक दिसली पाहिजे, म्हणजे पुढच्याला रस्ता कळतो." माझी शाळा ती एवढीच. त्यामुळे मला दुसरी रीत येत नाही. उत्तर येत नाही याबद्दल माझी तक्रार नाही. तू नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर कुररी पक्षी मोजतोस एवढं मिसेस फॅगकडून कळलं.

हो, त्या अजून तुझी चौकशी करतात, पण आवाज खाली आणून, एखाद्या आजाऱ्याची करावी तशी.

परवा आपल्या निसर्ग मंडळाची या वर्षातली पहिली सहल झाली. डोव्हरच्या कड्यांखाली लवकर फुलणारी कोळी-ऑर्किडं एकशे बेचाळीस मोजली. ती तिथं गवतासारखी उगवतात, लपवाछपवी नाही. वर कड्यावर बहिरी ससाण्यांची जोडी होती. मिस्टर हॉलम्बींनी दुर्बीण लावून आरोळी ठोकली, "ब्रिमस्टोन! पिवळाधमक! नर!" सगळे फुलपाखरू बघायला धावले. वेफर्सचं पाकीट निघालं. मिसेस फॅग म्हणाल्या, "हॉलम्बी, हा नर चीज-कांद्याचा आहे. यादीत घालू का?" मी खूप हसले. बऱ्याच महिन्यांनी.

परतताना मिस्टर पेनफोल्ड पुन्हा माझ्याच शेजारी येऊन बसले. त्यांना पेपरमिंटचा वास येतो. दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली तरी माणसाच्या तोंडाकडे ते अजून दात बघितल्यासारखं बघतात. म्हणाले, "काय गं टॅम्सिन, यंदा हॉलोशॉवर काही उगवलंय का?"

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही."

"तुला ठाऊक नाही?" ते हसले. "गेल्या वर्षीचा तुझा अहवाल फार छान होता हं. वेळेसकट नोंदी. हल्ली कोण लिहितं एवढं!"

मी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले. का, ते आज लिहीत नाही.

टेकडीवरून तुझ्या सात मावश्या मुळासकट खणून नेल्या त्याला जूनमध्ये वर्ष होईल. आई अजून म्हणते की एकोणिसाव्या वर्षी ज्यानं घरट्यांतली अंडी चोरली, त्याच्याबद्दल लोक काय म्हणणार? हे पत्र लिहिताना ती बटाटे सोलत होती.

"त्यालाच लिहितेस ना? माझ्या डब्यातलं टपालाचं तिकीट गेलंय."

"हो."

"मग दुसऱ्या वर्गाचं लाव. तुझ्या मामाला कसली घाई असणार?"

दुसऱ्या वर्गाचं लावते आहे.

तुझी,
टॅम्सिन

सोमवार, १२ मे २०१४

प्रिय मामा,

मागच्या पत्रात "का, ते आज लिहीत नाही" असं लिहिलं होतं. त्याच्यावर रेघ. आज लिहिते.

काल आम्ही पहाटे ब्लीनच्या रानात बुलबुलासाठी गेलो होतो. नाइटिंगेल म्हणायचं आहे मला, बुलबूल आईचा शब्द. तीन नर गात होते. एक इतका जवळ होता की मिसेस फॅगनी हातातली गोड गिप्सी टार्ट खाणं थांबवलं, यावरून काय ते समज. त्यानंतर दुसऱ्या उतारावर ड्यूक ऑफ बर्गंडी, दोन, प्रिमरोजच्या पानांवर. मी वेळ लिहिली, जागा लिहिली, आठ आकडे. फुलपाखराची जागा लिहायलाच हवी. नकाशातले आठ आकडे म्हणजे दहा पावलांचा चौकोन, त्याहून ढोबळ नोंद म्हणजे अर्धी नोंद. हे तूच शिकवलंस. आणि दुर्मिळ ऑर्किड असलं तर एकही आकडा नाही, फक्त "जागा: नेहमीची". हेही तूच शिकवलंस. दोन्ही नियम मी पाळले, मामा. गेल्या जूनमध्येही पाळले. तिथंच सगळं बिनसलं.

त्या रविवारी तू मला पहिल्यांदाच ज्युनिपरच्या झुडपांपर्यंत नेलंस. मंडळी खाली चहा पीत होती. तू म्हणालास, "तू इथंच थांब. मी मावश्यांना भेटून येतो." उशिरा फुलणाऱ्या कोळी-ऑर्किडांना आपण घरात मावश्या म्हणतो हे बसमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्या राहतात कुठं ते तुला आणि मिसेस फॅगना सोडून कुणालाच माहीत नव्हतं. तू झुडपामागे गुडघे टेकून बसलास, दातकोरणं काढलंस आणि या फुलाचा पराग त्या फुलाला लावू लागलास. मला तुझी फक्त टोपी दिसत होती. माझ्या पायाशी एक ॲडोनिस ब्लू येऊन बसला. तसा निळा मी त्याआधी पाहिला नव्हता. मी घड्याळ पाहिलं, नकाशा पाहिला आणि वहीत नोंद केली.

बुधवारी मंडळाच्या पानावर माझा अहवाल लागला. फुलपाखरांच्या भागात: "ॲडोनिस ब्लू, नर, ११.४०", आणि पुढे आठ आकडे. दोन परिच्छेद खाली, गंमत म्हणून: "११.४० ला मामा मावश्यांना भेटायला गेला. मी दाराशी उभी होते. पत्ता विचारू नये."

मिसेस फॅगनी वाचलं आणि हसल्या. सगळेच हसले. त्या दोन ओळी कुणी एकाखाली एक ठेवून पाहिल्या नाहीत. मी सुद्धा नाही. १९ तारखेला तुला सात खळगे सापडले, आणि वेळ एक म्हणजे जागाही एकच, हे मला कळलं २० तारखेला, अंघोळ करताना, अंगाला साबण लावलेला असताना. तेव्हाच बाहेर येऊन सांगायला हवं होतं.

त्यानंतरच्या रविवारी बसमध्ये सगळ्यांसमोर विचारलं गेलं की जागा दोघांनाच माहीत होती, तर मग कसं झालं? कुणीतरी अंड्यांची गोष्ट काढली. तू काही बोलला नाहीस. तुझ्याकडची हॉलोशॉच्या फाटकाची किल्ली काढून मिसेस फॅगच्या मांडीवर ठेवलीस आणि खिडकीबाहेर बघत बसलास. मी तुझ्या मागच्या सीटवर होते. तुझ्या मानेला उन्हानं लागलेली रेघ मला दिसत होती. मी तोंड उघडलं नाही.

काल मिस्टर पेनफोल्डांनी ते उघडायला लावलं. ड्यूकचा फोटो काढून मी उठले तर ते मागेच उभे. "पोरी, तुझ्या त्या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की पायवाटच तयार होते. माझ्या लक्षात आलं होतं हं. नंतर. पण मी कुणाला बोललो नाही." मग गालावर बोटानं टकटक केलं, माझ्या नाही, स्वतःच्या. "दुखरा दात आपण कशाला हलवायचा?"

त्यांनीच खणून नेल्या असं मी म्हणत नाही. पाहिलं ते लिहावं, वाटलं ते लिहू नये. खळगे मी पाहिले होते. कडा इतक्या स्वच्छ होत्या की माती सांडलेली नव्हती.

मला भीती वाटते.

टॅम्सिन

बुधवार, २१ मे २०१४

प्रिय मामा,

दुरुस्ती: २९ एप्रिलच्या पत्रात, मिस्टर पेनफोल्डांना "मला ठाऊक नाही" असं म्हटल्याचं लिहिलं आहे. तसं म्हटलं हे खरं. ठाऊक नव्हतं हे खोटं.

एक मावशी आहे.

फेब्रुवारीत सापडली. पाच पानं, जमिनीला चिकटलेली, नाण्याएवढी. तुझ्या सातांपैकी नाही. ती त्यांच्या खाली आहे, उताराला, जिथं बी वाऱ्यानं पडलं असेल. बी रुजून फूल यायला सहा-सात वर्षं लागतात असं तू सांगायचास, म्हणजे २००७ चं बी असावं. त्या वर्षीची वही काढून पाहिली. तुझ्या अक्षरात आहे: "पराग लावला, तीन फुलं. पाऊस. टॅमला खोकला." ती तुझ्या हातची आहे, मामा. हे तुला कळवायला मी तीन महिने घेतले, कारण कागदावर लिहिलं की काय होतं ते मला माहीत आहे. पत्त्याचा एकही आकडा इथं नाही. जागा: नेहमीची.

आता दांडा वर आला आहे, चार बोटं. दोन कळ्या. थंडी पडली नाही तर जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उमलेल. तोवर गवतात कुणाला दिसायची नाही. उमलली की दिसेल.

परवाच्या रविवारी आम्ही लेडी ऑर्किडांसाठी रानात गेलो होतो. मिस्टर पेनफोल्ड माझ्या बरोबरीनं चालत राहिले. मी हळू झाले की ते हळू, मी थांबले की ते बुटाची नाडी बांधायला वाकायचे.

"तू दर दोन-तीन दिवसांनी हॉलोशॉवर जातेस," ते म्हणाले.

"फुलपाखरं मोजायला."

"फेब्रुवारीत?"

मला पटकन खोटं बोलता येत नाही, हे तुझ्या आणि आईच्या शिकवण्याचं वैगुण्य.

"हे बघ," ते अगदी मायेनं म्हणाले, "८ जूनला मंडळी हॉलोशॉवर जाणार आहेत. सगळे चहाला बसले की तू मला एकट्याला वर ने. मी फोटो काढीन, बस्स. माझं वय झालंय गं, मला आणखी काय हवंय?"

"आणि नाही नेलं तर?"

"तर मी मिसेस फॅगना तुझ्या दोन ओळी वाचून दाखवीन. मला आवडणार नाही ते. लोक काय म्हणतील? मामानं जागा दाखवली, भाचीनं छापली. दोघांनी मिळून केलं म्हणतील." मग खिशातून पेपरमिंट काढून माझ्यापुढे धरलं. "घे. आ कर."

मी घेतलं. अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे. फेकवत नाही, खाववत नाही.

आता जे लिहायला बसले ते. काल संध्याकाळी मी वर गेले. एकाच वाटेनं दोनदा जायचं नाही हा तुझा नियम मी पाळत होते असं मला वाटत होतं. काल उन्हं तिरपी होती, तेव्हा वरून दिसलं. तीन महिन्यांत माझ्या पायांनी गवतात एक फिकट रेघ पडली आहे. फुलाभोवती जाळी लावली की ती पाटीच होते म्हणून तू कधी जाळी लावली नाहीस. मी चालून चालून पाटी लावली.

रेघेच्या शेवटी, मावशीपासून सहा पावलांवर, गवत दबलेलं होतं. दोन गोल खळगे, शेजारी शेजारी. कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. मी माझे गुडघे त्यांत टेकून पाहिले. खळगे मोठे होते.

ते त्यांचेच असं मी म्हणत नाही. मेंढपाळाचे असतील. पण मेंढपाळ कशाला गुडघे टेकेल?

मावशी जागेवर आहे. मी परत आले ती धावतच आले, मेंढ्यांच्या फाटकाला कडी घातली की नाही आठवेना, म्हणून अर्ध्या वाटेवरून पुन्हा गेले. घातली होती.

आज जेवताना आई म्हणाली, "तोंड का असं पांढरं पडलंय? कावळ्यानं चोच मारल्यासारखं."

मी म्हटलं, "काही नाही."

हेसुद्धा दुरुस्त करावं लागेल.

टॅम

बुधवार, ४ जून २०१४

प्रिय मामा,

तुझं पोस्टकार्ड सोमवारी आलं. किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. त्यावर दोनच ओळी आहेत, त्यामुळे फार वेळ लागत नाही.

"टॅम, तुझा अहवाल मी त्याच बुधवारी वाचला होता. रेघ मारू नकोस, राहू दे."

म्हणजे तुला माहीत होतं. १९ तारखेला खळगे दिसले तेव्हा माहीत होतं. बसमध्ये किल्ली काढून दिलीस तेव्हा माहीत होतं, आणि मी तुझ्या मागच्या सीटवर आहे हेही. मला वाटायचं, तू अपमानानं गप्प आहेस. तुझी पाठ आठवत मी वर्षभर तेच समजत राहिले.

मामा, तुझं पोस्टकार्ड आल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली. तोवर मला वाटत होतं की कधीतरी तू रागावशील आणि मला सांगावंच लागेल. आता मला कुणीही भाग पाडत नाही. मी गप्प राहिले तर मिस्टर पेनफोल्डांचा फोटो होईल, मावशी जाईल, तू तिकडे कुररी मोजत राहशील आणि मंडळाच्या वार्षिक जेवणात मी कोकराचं मांस आणि पुदिन्याची चटणी खाईन. जगात हे सगळं अगदी सहज होऊ शकतं, आणि मला नेमकी त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते आहे.

काल मी आईला सगळं सांगितलं. ती इस्त्री करत होती. थांबली नाही. तीन उशांचे अभ्रे झाले, मग म्हणाली, "आणि तो गप्प बसला?"

"हो."

"मूर्ख." इस्त्री उभी करून ठेवली. "पहिल्यापासून मूर्ख. ती अंडी त्याच्याकडे कुणी पकडली नव्हती. स्वतः पेटी उचलून पोलिसांकडे घेऊन गेला होता, पावसात, सायकलवर. मी फाटकाशी उभी होते."

"आई, हे तू कधी सांगितलं नाहीस."

"मला कुणी विचारलं नाही."

"बसमधले सगळे म्हणत होते की तो पकडला गेला."

"माझ्या कानावर आलं होतं काय म्हणत होते ते." मग बराच वेळ कॉलरच दाबत राहिली. "माझी पण एक रेघ मार त्या वहीत. तारीख आजची घाल."

मी मारली. ३ जून.

मिसेस फॅगना आधी एकटीला भेटून सांगावं असं मनात आलं होतं. ते सोपं आहे. त्या मला चहा देतील, माझ्या खांद्यावर हात ठेवतील आणि गोष्ट त्यांच्या बैठकीच्या खोलीतच संपेल. पण तुझ्यावर आळ घेतला तो सगळ्यांसमोर. चूक ज्या पानावर झाली, दुरुस्ती त्याच पानावर हवी.

तुला आठवत असेल, टेकडीवर चहाच्या वेळी मिसेस फॅग सकाळची यादी वाचतात आणि मग विचारतात, "कुणाची काही भर?" ज्याला नोंद द्यायची तो हात वर करतो. पाच वर्षांत मी एकदाही हात वर केलेला नाही. चिठ्ठी लिहून पुढे सरकवते. हॉलम्बी म्हणतात, "आमची टपालखात्याची मुलगी." मी वर्गात कधी बसले नाही मामा, हात वर करून सगळ्यांनी आपल्याकडे वळून बघेपर्यंत काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नाही. काल स्वयंपाकघरात एकटी असताना करून पाहिला. उजवा हात. आई आत आली आणि म्हणाली, "काय, छत धरलंयस?"

मी काय बोलणार ते लिहून ठेवलं आहे, सतरा ओळी. माझ्या दोन नोंदी आहेत तशा वाचीन. त्या एकाखाली एक ठेवल्या की काय होतं ते सांगीन. अंड्यांची पेटी कशी गेली ते आईच्या शब्दांत सांगीन. एक मावशी जगली आहे, कुठं ते सांगणार नाही, पण शेंग धरेपर्यंत खालच्या फाटकाशी पाळीपाळीनं बसायला माणसं हवीत, असं म्हणेन. मिस्टर पेनफोल्डांचं नाव घेणार नाही. मी त्यांना खणताना पाहिलेलं नाही. मला ते काय म्हणाले तेवढं, कुणी विचारलं तर, शब्दाला शब्द सांगीन. अठरावी ओळ होती, ती खोडली. नाही, रेघ मारली. तीत लिहिलं होतं, "मला क्षमा करा." क्षमा त्यांच्याकडे मागायची नाहीये.

मंडळ मला काढून टाकील असं मला वाटतं. मला दुसरी माणसं माहीत नाहीत. हे दया यावी म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते.

सोमवारपासून मी वर जात नाही. खालच्या फाटकाशी बसते, उजेड असेपर्यंत, मेंढ्यांमध्ये. वर जायची वाट तिथूनच आहे. काल चारच्या सुमारास मिस्टर पेनफोल्डांची हिरवी गाडी आली, थांबली. त्यांनी काच खाली केली, माझ्याकडे पाहून हात केला. मी हात केला नाही. गाडी तशीच उभी होती, इंजिन चालू. मी सेकंद मोजले, चारशे दहा. मग गेली. मी मेंढीला धरून उठले.

तुझं म्हणणं मी पहिल्यांदाच मोडते आहे. तू लिहिलंस राहू दे. पण रेघ मारू नकोस असं तू कुणालाही, कधीही म्हणाला नव्हतास, आणि ते तुझं अक्षर असलं तरी तुझा नियम नाही.

पत्राला पहिल्या वर्गाचं तिकीट आहे. आईनं डब्यातून स्वतः काढून टेबलावर ठेवलं. म्हणजे हे तुला परवा मिळेल. आणि परवा मिळालं तर शनिवारची गाडी तुला गाठता येईल, पण हे मी सुचवत नाही, फक्त गाड्यांचं वेळापत्रक पाहिलं एवढं कळवते.

कळी काल फाटकावरून दुर्बिणीनं पाहिली. टोक हिरव्याचं गुलाबी झालं आहे.

मी हात वर करणार आहे तो दिवस लिहून ठेव. वेळही लिही, तूच शिकवलंस. हॉलोशॉ टेकडी, रविवार, ८ जून २०१४, ११.४०.

टॅम